बसणारा वर्ग

गीतांजली चाकूरला लातूरच्या एसटीत चढली, तेव्हा तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तरीही एक उंच तरुण दांडा धरून उभाच!

"बसा की," ती म्हणाली.

"न्हाई, नांदेडपासून बसूनच आलोय." तो हसला. "आन् लोकांना उठवायचंच काम करून राहिलो मी."

लातूर येईपर्यंत वर बघून बघून तिची मान अवघडली. तक्रार अर्थातच नव्हती.

तासाभरात तोच, ती शिकवायची त्या शाळेत हजर. नाव शिवशंकर, नांदेडच्या विद्यापीठातला संशोधक. मुलं तासन्‌तास बाकावर बसून असतात. दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं चालवलं, तर त्यांच्या रक्तातल्या साखरेत फरक पडतो का, हे त्याला तपासायचं होतं. सहावीची एक तुकडी चालणार, दुसरी नेहमीसारखी बसणार. चिठ्ठ्या टाकल्या. चालायचं भाग्य शेजारच्या वर्गातल्या ऋतुजा मॅडमच्या तुकडीला, आणि गीतांजलीची तुकडी बसणारी!

झालं. दर अर्ध्या तासाने शेजारी पोरांची पावलं, त्याच्या टाळ्या आणि ऋतुजाचं खिदळणं... तीन मिनिटांत एवढं हसण्यासारखं असतं तरी काय? गीतांजलीच्या दारात तो फक्त नोंदी न्यायला यायचा. "सगळे बसूनच होते ना, मॅडम?" बास! नजर क्षणभर रेंगाळायची – की तिलाच तसं वाटायचं? – आणि गडी पुन्हा शेजारी. एकदा ऋतुजाने त्याला डब्यातली धपाटी दिली. त्या दिवशी गीतांजलीने स्वतःचा डबा न उघडताच घरी परत नेला.

तिसऱ्या आठवड्यात तिचा संयम सुटला. शेजारी टाळ्या वाजल्या आणि ती ओरडली, "उठा रे सगळे! चाला!" चार दिवस हेच. पोरं दुपारची पेंगायची थांबली, ते वेगळंच. नोंदीत मात्र ती लिहीत राहिली – बसून होते.

पाचव्या दिवशी वही चाळत शिवशंकर म्हणाला, "तुमच्या नोंदी लई चोख हायेत, मॅडम."

तिला ते सोसवेना. "खोट्या आहेत. चार दिवस चालवली मी पोरं. मला बघवत नव्हतं..."

"काय?"

"तुमचं तिकडं हसणं!"

त्याचा चेहरा पडला. "तीन आठवड्यांचं काम गेलं की हो..." एवढंच बोलून तो निघून गेला. गीतांजली रिकाम्या वर्गात रडली. खोटं लिहिल्याची लाज होती, पण तो आता कायमचा गेला, हे दुःख त्याहून मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तो दारात उभा.

"नांदेडला माझ्या गाइड सरांची बोलणी खाल्ली. तुमची तुकडी बाद झाली."

"चूक माझी होती. मी सांगते त्यांना."

"ऱ्हाऊ द्या. बसणाऱ्या वर्गात नोंदीपलीकडं बोलायचं न्हाई, असा नियम होता आमचा. तीन आठवडे जीव गेला माझा." तो आत आला. "आता तुमच्या वर्गात माझं काहीच काम उरलं न्हाई."

"मग आज कशाला आलात?"

"तेच तर... काही काम नसताना आलोय, गीतांजली."

मॅडम म्हणायचं तो विसरला, की मुद्दामच टाळलं?

"मग रोज या," ती म्हणाली.