काळ्या चौकटीतली झोर्नित्सा

गोर्ना लिपा गावाच्या चौकात, भर पावसात, झोर्नित्सा दोब्रेवा विजेच्या खांबावरचा स्वतःचाच फोटो नखांनी खरवडत होती. गावात मयताच्या कागदाला असते तशी काळी चौकट, मधोमध तिचा हसरा चेहरा, खाली नाव, वार आणि वेळ. सकाळी बसमधून उतरल्यावर एका म्हाताऱ्यानं त्या फोटोसमोर टोपी काढलेली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तेव्हापासून तिचं डोकं जे तापलं होतं ते पावसानंही थंड होत नव्हतं.

"तुमचा कागद खुशाल फाडा," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "पण त्याच्याखाली इवान आजोबा आहेत. त्यांना राहू द्या, त्यांना जाऊन चाळीस दिवस अजून झाले नाहीत."

ती गर्रकन वळली. तिशी ओलांडलेला एक उंच माणूस छत्री धरून उभा होता. डोळे हसरे, तोंड गंभीर… असल्या माणसांचा तिला विशेष राग यायचा.

"तुम्हाला काय माहीत खाली कोण आहे ते?"

"दोघांनाही मीच छापलंय," तो म्हणाला, आणि छत्री हळूच तिच्या डोक्यावर सरकवली.

त्याचं नाव कामेन. गावात छपाईचं यंत्र एकच, आणि ते त्याच्या दुकानात. दुकान कसलं, तर शवपेट्या, मेणबत्त्या आणि मयताचे कागद. वडिलांकडून आलेला धंदा. झोर्नित्सानं वाचनालयाच्या सेक्रेटरीबाईंना फोनवर सांगितलं होतं, माझा फोटो पाठवते, व्याख्यानाची एक साधी जाहिरात छापून घ्या. बाईंनी तो सरळ कामेनकडे धाडला, आणि कामेनकडे चौकट एकच होती.

"चौकट काढून टाकता आली नाही?" तिनं दात ओठ खात विचारलं.

"काढून बघितली. चेहरा उघडा-उघडा वाटायला लागला," तो म्हणाला. "आणि इतका गोड चेहरा उघड्यावर सोडवेना."

आता याला हाणावं की हसावं? तिनं दोन्ही टाळलं आणि चिखल तुडवत वाचनालयाकडे निघाली. छत्रीही मुकाट्यानं सोबत आली.

चिडायला तिच्याकडे कारण होतं हो. सोफियातल्या बँकेतली चांगली नोकरी सोडून ती या डोंगराळ भागात आली होती. गावोगाव फुकट व्याख्यानं द्यायची, घरखर्च कसा आखावा, म्हातारपणाची सोय कशी करावी ते समजावायचं, आणि ज्यांना पटेल त्यांचं नियोजन फी घेऊन करून द्यायचं, असा तिचा बेत. बेत झकास, पण लोक? पहिल्या व्याख्यानाला चौघं आले, त्यातले तिघं पावसातून आडोशाला. दुसऱ्या वेळी वीसजण आले, चीजचे वडे संपवले आणि "विचार करू" म्हणून गेले. नव्वदच्या दशकात ज्यांची आयुष्यभराची पुंजी एका हिवाळ्यात मातीमोल झाली, ती माणसं पैशाबद्दल बोलणाऱ्यावर कशाला विश्वास ठेवतील? वडिलांनी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हे खूळ चालायचं नाही. तिनंही हट्टानं शब्द दिला होता: मेअखेरपर्यंत पंधरा कुटुंबं गिऱ्हाईक झाली नाहीत तर मुकाट बँकेत परत येईन. एप्रिल निम्मा सरला होता आणि कुटुंबं झाली होती दोन.

तिनं वाचनालयाचं दार उघडलं. सभागृह खच्चून भरलं होतं. सगळे काळ्या कपड्यांत, हातात कार्नेशनची फुलं, तीही जोडीजोडीनं, मयताला नेतात तशी. पुढच्या रांगेतल्या द्राग्ना मावशींनी, मृताच्या नावानं वाटतात ते, उकडलेल्या गव्हाचं ताट आणलं होतं, वर साखरेनं क्रूस काढून.

तिला आत्ता रडू कोसळणार होतं. मग तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ती चढून व्यासपीठावर गेली आणि म्हणाली, "बसा. मी जिवंत आहे. पण आलाच आहात, तर ऐकून जा."

द्राग्ना मावशींनी तिला नीट न्याहाळलं आणि जाहीर केलं की पोरगी जिवंत आहे पण वाळलीय फार, आधी गहू खाऊ दे. हशा पिकला. गहू खाता खाता झोर्नित्सानं विचारलं, स्वतःच्या अंत्ययात्रेची सोय कुणी कुणी करून ठेवलीय? जवळजवळ सगळे हात वर. आणि त्या दिवसाच्या आधीच्या वीस वर्षांची? एकही हात नाही. त्या दिवशी ती तक्ते बिक्ते विसरली. लोकांनी विचारावं आणि तिनं साध्या भाषेत सांगावं, असं दोन तास चाललं. निघताना पाच जणांनी भेटीची वेळ मागितली.

कामेन मात्र सगळा वेळ दाराशी उभाच होता. त्याच्या धंद्यापायी त्याच्या शेजारी बसणं लोक टाळतात, हात मिळवायची वेळ आली की खिशात काहीतरी शोधू लागतात, हे तिनं पाहिलं. का कोण जाणे, तिला त्या लोकांचाच राग आला. जाताना तिनं मुद्दाम सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पुढचा कागद रंगीत हवा."

हात सोडायला दोघांनीही जरा उशीर केला.

मग प्रत्येक शनिवारी तेच. कागद चुकीचा छापला म्हणून ती त्याच्या दुकानात जाऊन भांडायची, तो कॉफी करायचा. माझी गिऱ्हाइकं कधी तक्रार करत नाहीत, म्हणायचा. ती म्हणायची, आणि तुझ्याशी बोलतही नाहीत. वाटेल तेव्हा त्याला चिडवता येतं हे तिला कळलं होतं, आणि ते न करता शनिवार गेला तर करमत नाही, हेही. पण असलं काही कबूल करायला तिला वेळ नव्हता. तिला पंधरा कुटुंबं हवी होती.

मेच्या शेवटच्या दुपारी तिच्या टेबलावर चौदा फायली होत्या. कामेन आला आणि त्यानं भरलेला फॉर्म पुढ्यात ठेवला.

"पंधरावी," तो म्हणाला. "सही तेवढी राहिलीय."

तिनं वाचलं. सगळं भरलेलं, फक्त एक जागा कोरी: दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल?

"हे का सोडलंस?"

"मी रोज शेवट बघतो, झोर्नित्सा. पुढचं ठरवायची सवयच नाही मला." तो बोलता बोलता थांबला. "काल पहिल्यांदा ठरवायला बसलो… आणि जे जे लिहीन त्यात तू यायला लागलीस. असं फॉर्मवर कसं लिहायचं?"

"आज?" तिचा आवाज चढला. "दीड महिना गप्प बसलास आणि आज सांगतोस? आजच्याच दिवशी?"

"चुकलं. पण सही करतो ना. तुझी पंधरा होतील, तुला जावं लागणार नाही."

तिनं पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. संतापानं की कशानं, तिचे डोळे भरून आले होते.

"घरच्या माणसाची फाईल मी घेत नाही," ती म्हणाली. "माझा नियम आहे तो."

कामेनला समजायला जरा वेळ लागला. समजलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. सोफियाहून वडील.

"चौदाच झाली, बाबा," तिनं सांगितलं. "शब्द मोडतेय मी, रागवा. पण येत नाहीये. बँकेला म्हणावं, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या… हो, कारण आहे. तुम्ही आणि आई जुलैत इकडे या, एकाची ओळख करून द्यायचीय." तिनं समोर पाहिलं, तो लालबुंद झाला होता. "करतो काय? ते आल्यावर सांगते, बाबा. आधी जेवून घ्या."