सोळा मात्रांचा जबाब

दर रविवारी बद्रीनाथ सकाळच्या एसटीनं कन्नडहून यायचा आणि व्हायोलिनची पेटी छातीशी धरून औरंगपुऱ्यातल्या काकासाहेबांच्या वर्गापर्यंत पायी जायचा. बाजार समितीतला कारकून, घरी कपाशी आणि ज्वारी. व्हायोलिन हाती येऊन त्याला उणीपुरी तीन वर्षं झाली होती. वर्गातल्या जुन्या केशवला अकरा. तरी एकट्यानं वाजवायचा मोठा तुकडा काकासाहेबांनी बद्रीनाथला दिला. कानामागून आला आणि तिखट झाला! केशवच्या पोटात तेव्हापासून आग होती.

पोलिस ॲक्शनला वीस वर्षं होत आली होती आणि शहरात रशियाच्या मैत्रीचं वारं होतं. मुंबईच्या एका मंडळानं एक संथ रशियन रचना पाठवली होती. सहा व्हायोलिनवाल्यांनी ती वाजवून फीत धाडायची. आवडली तर ती रशियाच्या रेडिओवर लागणार होती. बद्रीनाथच्या तुकड्याला केशवनं सोळा मात्रांचा जबाब द्यायचा, एवढाच त्याचा वाटा.

टांग्यांचे आवाज आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांवर गोधड्या ठोकल्या होत्या. टेपवाल्या रामकिसननं टेपरेकॉर्डरवर फीत चढवली आणि चहासाठी सगळे ओसरीवर गेले. केशव आत राहिला.

गजाच्या केसांना बोट लावायचं नाही, हा वर्गातला पहिला धडा. तेल लागलं की गज तारेवरून मुका घसरतो. केशवनं चपचपीत तेल लावलेल्या आपल्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला आणि तोच हात बद्रीनाथच्या गजावरून शेंड्यापासून मुठीपर्यंत ओढला. मग चहाला गेला. चहा त्याला फार गोड लागला.

रेकॉर्डिंग सुरू झालं. तुकडा आला. बद्रीनाथचा गज तारेवरून फिरू लागला आणि आवाज आला नाही. केशवनं मान खाली घालून हसू दाबलं. गज जात होता, येत होता. खोलीत फक्त फितीची घरघर होती. आता काकासाहेब थांबवतील. आता ओरडतील.

त्यांनी थांबवलं नाही. केशवनं वर पाहिलं तर काकासाहेबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

केशवची पाळी आली. सोळा मात्रा त्यानं चोख वाजवल्या. आपला सूर त्यानं नीट ऐकला.

शेवटी बद्रीनाथनं गज पुसला. "केशवराव, गज लई तेलकट लागला बघा. पर वाजला."

रामकिसननं फीत मागं फिरवून ऐकायला लावली. तुकडा आला, आणि या वेळी तो केशवलाही ऐकू आला. असा सूर त्याला अकरा वर्षांत एकदाही काढता आला नव्हता. तो ऐकताना हेव्यानं त्याचे डोळे जळले.

मग जबाबाच्या जागी फितीवर नुसती घरघर. रामकिसननं बटणं तपासली.

"केशव," काकासाहेब हळूच म्हणाले, "सोळा मात्रा नुसता बसून का राहिलास?"

"मी वाजवलं की, काकासाहेब!"

बद्रीनाथनं त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. ते केशवला सोसवलं नाही. पेटी उचलून तो तडक घरी आला.

बायको, सरोजिनी, तांदूळ निवडत होती. तिच्या समोर बसून त्यानं जबाब वाजवला. एकदा, दोनदा. सूर स्वच्छ होता, भरला होता. इतका चांगला तर तो कधीच वाजला नव्हता. त्याला हायसं वाटलं. तिसऱ्यांदा त्यानं तो बद्रीनाथचा तुकडाच घेतला, आणि तोही हुबेहूब निघाला. केशवचे डोळे भरून आले. त्यानं गज खाली ठेवला आणि तिच्याकडं पाहिलं.

सरोजिनीनं सूप बाजूला सरकवलं.

"अहो, मघापासून नुसता हात काय हलवताय? वाजवा ना."