खडीवर मागे बघायचं नाही

मी घाबरट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंचवीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय आणि पंधरा वर्षं खडीच्या वाटा आखतोय. डांबरावर सायकल कुणीही चालवतं. खरी गंमत जंगलातल्या चढावर आणि कालव्याच्या बांधावर. या डोंगरात माझं चाक फिरलं नाही अशी एक वाट दाखवा. आता आपलीच पाठ आपण नाही थोपटायची तर कुणी थोपटायची?

त्या शुक्रवारचं कामही रोजचंच होतं. रविवारी आमच्या सायकलवाल्यांची फेरी होती, साठ जणांची. वळणावळणावर केशरी फिती बांधायच्या होत्या. सगळ्यात पुढे या वेळी माझी भाची असणार होती, पहिल्यांदाच. पुढचा जिकडे वळतो तिकडे मागचे सगळे वळतात, म्हणून ती जागा कुणाला सहजासहजी मिळत नाही. पोरीने ती कमावली होती.

बहिणीला मात्र ते पसंत नव्हतं. दुकानाच्या वर आम्ही तिघंच राहतो, आणि तिला ही एकच मुलगी. निघताना जिन्यात उभी राहून मला म्हणाली, "तुझं कौतुक तुझ्यापाशी ठेव. नेतोस तशी परत आणून दे, म्हणजे झालं."

"अगं, मी आहे ना," मी म्हणालो. त्या वेळी तेवढं पुरेसं वाटत होतं.

फिती बांधायची आमची रीत अशी की एकाने या टोकापासून सुरुवात करायची, दुसऱ्याने त्या टोकापासून, आणि मध्ये भेटायचं. भाची जंगलाकडून निघाली, मी कालव्याकडून. भेटायचं ठिकाण म्हणजे कालव्याच्या चौकीदाराची पडकी खोली. त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून जागा आधीच ठरवावी लागते.

मी पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. कालव्यावर पातळ धुकं होतं आणि पाण्याला शेवाळाचा, ओल्या लोखंडाचा वास येत होता. खोलीपाशी कुणी नव्हतं. वीस पावलांवरच्या झाडाला भाचीने बांधलेली फीत दिसत होती, म्हणजे बाईसाहेब येऊन गेल्या होत्या. पण मग थांबल्या का नाहीत? खाली बघितलं तर तिच्या चाकांचा ताजा माग बांध सोडून डावीकडे उतरला होता, जुन्या दरवाज्याकडे. तिथे पूर्वी कालव्याचं पाणी अडवत. आता नुसती चारी बाजूंनी सरळ भिंतींची डोहासारखी जागा उरली आहे. तिथे पडलेला माणूस स्वतःहून वर येऊ शकत नाही. तिकडे जायचं नाही, हे मी तिला शंभरदा बजावलं होतं.

सायकल हाकत उतरलो. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

ती काठावर उभी होती. एक पाय जमिनीवर टेकवलेला, पुढचं चाक काठाच्या दगडाबाहेर.

"अगं... मागे ये. हळूच."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"मामा... तू आत्ता माझ्या पुढे होतास."

मी तिची सायकल धरून मागे ओढली. 

"खोलीपाशी तू पाठमोरा उभा होतास," ती हळू आवाजात सांगू लागली. "हात केलास आणि निघालास. मला वाटलं, काहीतरी दाखवायचं असेल. मी मागोमाग निघाले. मग लक्षात आलं... खडीचा आवाज माझ्याच चाकांचा येतोय. तुझ्या चाकांखाली काही वाजतच नाही. म्हणून ब्रेक दाबला."

"आणि मी?"

"तू गेलास पुढे..."

पाण्यावर साधा तरंग नव्हता. धुक्यात काय वाटेल ते दिसतं, असं मी म्हणालो. मोठ्या माणसाचा मान राखायला हलवावी तशी तिने मान हलवली. पण निर्णय घ्यायला मला वेळ लागला नाही. कालव्याची वाट रद्द. रविवारी डोंगराच्या अंगाने जायचं. सायकली ढकलत आम्ही खोलीपाशी परत आलो.

"चल, परत जाऊ. आताही डोंगराच्याच वाटेने जातो आणि वळणं तोंडी सांगतो. मी पुढे, तू मागे," मी म्हणालो.

आता आमचा खडीवरचा एक नियम आहे. मीच घालून दिलाय. पुढच्याने हाक द्यायची, मागच्याने तीच हाक परत द्यायची. मागे वळून बघायचं नाही. खडीवर मान वळली की हँडलही वळतं, आणि माणूस आपटतो. मागून हाक आली की समजायचं, सगळं ठीक आहे.

"उजवीकडे, चढ!" मी हाक दिली.

"उजवीकडे, चढ," मागून आलं.

माझा जीव भांड्यात पडला. झाडी दाट होत गेली, पण मी बोलत राहिलो. पोरीचं मन दुसरीकडे वळावं म्हणून एकेक वळण समजावून सांगत होतो. विजेच्या खांबापाशी सरळ. ओढ्याला उतरून चालत. मग दगडाची जुनी खाण लागली.

"इथे उजवी धरायची. डावीकडे सरळ कडा आहे."

"डावीकडे कडा," मागून आलं.

"उजवी धरायची."

"डावीकडे कडा."

ऐकतेय ना, बास झालं, असं मी मनाशी म्हटलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "रविवारी सगळे माझ्या मागे येतील ना?"

"न येऊन सांगतात कुणाला?"

"बरं."

डांबरी रस्ता लागला तेव्हा मी थांबलो आणि मागे बघितलं. वाट रिकामी होती.

कसा परत गेलो ते माझं मला माहीत. ती मला चौकीदाराच्या खोलीपाशीच सापडली. सायकल उलटी करून, फाटकी ट्यूब मांडीवर घेऊन बसली होती आणि रागाने रडत होती.

"हाका मारून मारून घसा बसला माझा. तू निघालास आणि तिथल्या तिथे चाक फाटलं. पहिल्या वळणापर्यंतसुद्धा आले नाही मी."

 ट्यूब बदलली, तिला पुढे घातलं आणि घरापर्यंत तिच्या पाठीवरची नजर हलवली नाही. नियम गेला खड्ड्यात. जिन्यात बहिणीने तिला जवळ घेतलं तेव्हा कुठे मला श्वास घेता आला. संध्याकाळी फेरी रद्द झाल्याचा निरोप सगळ्यांना पाठवला.

रविवारी सकाळी आम्ही दोघं दुकानात चहा घेत बसलो होतो. भाची समोरच्या स्टुलावर, मी दारापाशी. साडेनऊला बेकरीवाल्याचा फोन आला. आमच्यातला सगळ्यात जुना सायकलवाला.

"काय हो, रद्द म्हणालात आणि पोरीला पाठवून दिलंत? सहा वाजता बेकरीपाशी हजर होती. आम्ही पाच जण चहाला जमलोच होतो, निघालो मग तिच्या मागे. खाणीपाशी चक्क डावीकडे वळत होती, मीच ओरडून सगळ्यांना थांबवलं. हसते वर. काय म्हणावं आता?"

"सगळे... ठीक आहात?"

"ठीक आहोत. डांबरावर पोचलो. घ्या, तिलाच विचारा."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर ऐकू आली. समोर भाचीने कप खाली ठेवला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मामा," फोनमधून तिच्याच आवाजात आलं, "आईला सांग, निघालेय मी घरी."

बहिणीला मी अजून काही सांगितलेलं नाही. आमच्याकडे दार नेहमी तीच उघडते.