पाचवी सोंगटी

हे मी कुठं वाचलेलं नाही, कुणाकडून ऐकलेलंही नाही. माझ्याच हातून घडलंय. आणि रात्री नाही, भर दुपारी.

बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गजवळ एका विहिरीचं काम चालू होतं. मी तिथं मजुरांची हजेरी मांडायचो. शब्बीर सुरुंग लावायचा. रिकाम्या वेळात आम्ही दोघं एक खेळ तयार करत होतो.

फाइलीच्या पुठ्ठ्यावर भुयार काढलं होतं. कुठं विंचू, कुठं दरड. शेवटच्या खोलीत निळ्या शाईनं पाणी. फासे म्हणून फोडलेले चिंचोके. विहिरीतल्या मातीच्या चार सोंगट्या. नियम माझा होता. पाणी घेऊन जो दारातून बाहेर येईल, त्याची हजेरी मांडायची.

मला त्या खेळाचं वेडच लागलं होतं.

त्या मंगळवारी सिदू नावाचा मजूर उशिरा आला. मी भुयाराच्या रेघा ओढत होतो. मान वर न करता म्हणालो, "जा, उतर. हजेरी मांडतो नंतर."

तासाभरात विहिरीची एक बाजू ढासळली.

धुरळ्यातून माणसं वर आली. मुकादमानं माझी वही मागितली. वहीत एकतीस हजर. वर आलेलेही एकतीस.

सिदूची बायको सिताबाई टोपली टाकून धावत आली. "आमचे मालक खाली हायेत, साहेब! म्या सोता बघितलंय उतरताना!"

"वहीत गैरहजर हाय," मुकादम म्हणाला. "गेला असंल सोलापूरला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला सगळं आठवत होतं. पण नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो. मला माझीच किळस येते.

कुणी खणलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुठ्ठा उघडला…

सोंगट्या पाच होत्या.

पाचवी शेवटच्या खोलीत, पाण्यावर. हात लावला तर ओली.

"शब्बीर, ही तू केलीस?"

"म्या कशाला करू? खुदा की कसम, आबाराव."

तिसऱ्या दिवशी ती एक घर पुढं होती. दाराच्या दिशेनं.

शब्बीरनं ती लांब बाभळीत भिरकावली. आम्ही वळलो, तोच मागं…

चिंचोके वाजले.

सोंगटी परत पुठ्ठ्यावर होती. आणखी एक घर पुढं. शब्बीर त्याच दिवशी काम सोडून गेला.

मला पुठ्ठा जाळायचं धाडस झालं नाही. चिंचोक्यांसकट ट्रंकेत ठेवला. ती वर्षाला एक घर सरकत राहिली.

सिताबाई दर बाजारी सोलापूरच्या एसटीजवळ सिदूची वाट बघत उभी राहायची. ती दिसली की मी दुसऱ्या रस्त्यानं जायचो. सोळा वर्षं असंच चाललं. गेल्या महिन्यात ती वारली.

काल दुपारी ट्रंकेत पुन्हा चिंचोके वाजले.

उघडून बघितलं. सोंगट्या चारच होत्या.

माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ओली माती पडली होती. बाहेर कोण होतं, ते मी बघितलं नाही.

नियम माझाच होता. कागद घेतला, त्यावर लिहिलं. सिदू, मंगळवार, हजर.

काल दुपारी लिहिलंय. शाई अजून वाळलेली नाही.