मिक्सरमधली दुसरी बाई

"थांब! कोणीतरी गातंय!" चष्मिषने हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"मीच गातेय, दुसरं कोण!" टिटवी वैतागली.

"तू आहेसच गं! पण तुझ्या मागे आणखी एक बाई आहे. अगदी हळू."

टिटवीने हेडफोन ओढून घेऊन ऐकलं. खरंच की! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

सुट्टी लागताच सगळी टोळी पांगली होती. उरली होती ही दोघंच. टिटवीची आई परदेशात नर्स होती. तिला जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून घर नुसतं खायला उठायचं. टिटवी हे कुणाला सांगत नसे. आज आईचा वाढदिवस! संध्याकाळी आईची ड्यूटी सुरू व्हायच्या आत तिच्यापर्यंत गाणं पोचायलाच हवं होतं.

मामाने मिक्सर (वाटणाचा नव्हे, आवाजाचा!) कॉम्प्युटरला जोडून दिला होता. "वायरी मी लावल्यात. चूक काढून दाखवा, मानेन!" असं म्हणून स्वारी आतल्या खोलीत घोरायला गेली होती.

"माईकच काढून बघू," चष्मिष म्हणाला.

माईक काढला. तरी मिक्सरवरचे आवाज दाखवणारे हिरवे दिवे आपले नाचतायत!

"अरेच्चा! म्हणजे बाई वायरीतून येतेय!"

दोघं टेबलाखाली शिरली. एक वायर मिक्सरमधून कॉम्प्युटरकडे जात होती. ती बरोबर होती. पण दुसरी कॉम्प्युटरमधून निघून परत मिक्सरमध्येच घुसली होती! टिटवीने ती खेचली. दिवे गप्प! पुन्हा खोचली. दिवे सुरू!

"कॉम्प्युटरच काहीतरी वाजवतोय, आणि तेही तुझ्या गाण्यात रेकॉर्ड होतंय!" चष्मिष ओरडला.

टिटवीने स्क्रीनवरच्या खिडक्या एकेक करून बंद केल्या. सगळ्यांत खाली एक गाणं चालू होतं. तिने हेडफोन लावले.

आईचा आवाज! आणि तेच गाणं, आईनेच तिला शिकवलेलं. टिटवीला रडूच कोसळलं.

"मामा!"

मामा डोळे चोळत आला आणि स्क्रीन बघून चपापला. "ते... सकाळी वायर तपासायला लावलं होतं. बंद करायचं राहिलं."

"वायर तपासायला आईचंच गाणं?"

"रोजच लावतो गं," मामा हळूच म्हणाला. "ताईशिवाय करमत नाही मला."

"मला वाटायचं, मला एकटीलाच करमत नाही!"

मामाने तिला जवळ घेतलं. मग त्याने कान पकडले. "चूक पकडलीत! मानलं बुवा तुम्हाला!" तो दुसरी वायर काढायला वाकला.

"राहू दे ती!" टिटवी डोळे पुसत म्हणाली. "आईचा आवाज जरा मोठा कर. आणि गाणं पहिल्यापासून लाव."

गाणं पोचलं आणि संध्याकाळी आईचा फोन आला.

"शाब्बास गं माझी टिटवी! पण तुझ्याबरोबर ती दुसरी कोण गातेय?"

"ओळख बघू!"

फोनमधून आईच्या नाक ओढण्याचा आवाज आला. मामा पाठ फिरवून, गुंडाळून झालेली वायर पुन्हा गुंडाळत बसला.

"मीच की गं," आई म्हणाली.