सात नंबरची नळी

ही गोष्ट खरी आहे. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत भुताखेताच्या गप्पांना मीही हसायचो. तुम्हाला हसायचं असेल तर हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुम्हाला एक विचारायचं आहे.

१९ मे १९८४. शनिवार. नागपूर. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं.

हो, दुपार. भर दुपार. बाहेर सेहेचाळीस डिग्री. नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मी एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होतो. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. तळमजल्याच्या टोकाला एनएमआर मशीनची खोली होती. मशीनचं काम साधं सांगतो. आपण तयार केलेला पदार्थ बारीक काचेच्या नळीत भरायचा आणि नळी मोठ्या चुंबकात सोडायची. मशीन कागदावर एक रेघ काढतं. रेघेला लहानमोठे उंचवटे येतात. त्यावरून कळतं, नळीत आपल्याला हवा तोच पदार्थ आहे की भलतंच काही.

चुंबकाने घड्याळं बिघडायची. म्हणून दाराबाहेर स्टुलावर ॲल्युमिनियमचा एक ट्रे असायचा. आत जाताना घड्याळ त्यात काढून ठेवायचं. ट्रेमध्ये घड्याळ दिसलं की समजायचं, आत माणूस आहे. दार उघडायचं नाही. गरम हवा आत शिरली की रेघ बिघडते.

हा नियम लक्षात ठेवा.

मशीन चालवायचे मधुकरराव. रोज कन्हानहून एसटीने यायचे. बारा वर्षं प्रत्येक नळी त्यांच्याच हातून आत गेली. नळी सोडण्याआधी ते काचेवर नखाने दोनदा वाजवायचे.

टिक-टिक.

बुडबुडा निघून जातो, असं ते म्हणायचे. मला वाटतं, ती त्यांची सवयच होती.

त्यांचं ते काम मी काढून घेतलं. बारा नळ्यांचं फिरणारं चाक बनवलं, त्याला छोटा कॉम्प्युटर जोडला. हवेच्या दाबाने नळी उचलली जायची... फस्स... आणि आत पडायची. कॉम्प्युटर रेघ तपासून इंग्रजीत छापायचा. मॅच, किंवा नो मॅच. माणसाची गरजच नाही! सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मधुकररावांनीसुद्धा.

"चाक मस्त आहे गा वसंता," ते म्हणाले. "पण ते पाहून राहिलं, ओळखून नाही राहिलं."

मी हसण्यावारी नेलं.

फिट येणाऱ्या रुग्णांसाठी मी एक औषध तयार केलं होतं. त्यावरच माझा प्रबंध होता. सोमवारी, २१ तारखेला, एक डॉक्टर ते आठ जणांना पहिल्यांदा सुरू करणार होते. यादीत पहिलं नाव कौसल्याचं. मधुकररावांची मुलगी, सोळा वर्षांची. आठवड्यातून तीनदा फिट यायची तिला. तिचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

गुरुवारी शेवटचा नमुना चाकावर चढला. सात नंबरची नळी.

मॅच.

मधुकरराव तो कागद घेऊन माझ्याकडे आले. एका ठिकाणी त्यांनी लाल पेन्सिलीने गोल केला होता.

"हा लहानसा उंचवटा काहून आला?"

"कचरा असेल. दोन टक्क्यांखालचं सगळं सोडून दे, असं मीच कॉम्प्युटरला सांगितलंय."

"एकदा हातानं काढू दे मले. सावकाश. माही पोरगी पिणार आहे हे."

त्यासाठी अख्खी दुपार गेली असती. मला घाई होती. माझ्या मार्गदर्शक सरांची सही, बाटल्या, प्रबंध... सगळं त्या एका कागदावर अडलं होतं.

"आता मशीन सांगतं मधुकरराव," मी म्हणालो. "आपण नाही."

त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघत राहिले आणि गेले. ती नजर मला आजही सहन होत नाही.

शुक्रवारी ते आले नाहीत. बाटल्या मात्र शुक्रवारीच आठही घरी पोहोचल्या.

आणि शनिवारी दुपारी मी त्या खोलीपाशी गेलो...

ट्रेमध्ये घड्याळ होतं.

एचएमटीचं. तुटलेल्या पट्ट्याला निळा दोरा बांधलेला. मधुकररावांचं. चालू होतं.

मला रागच आला. आले शेवटी हट्टाने! पण नियम म्हणजे नियम. मी बाहेर बाकावर बसलो.

आतून आवाज आला...

टिक-टिक.

मग नळी आत पडल्याचा. हवेचा फस्स आवाज नव्हता. म्हणजे हाताने काढत होते. मग कागदावर पेन सरकल्याचा आवाज. फार सावकाश.

थोड्या वेळाने पुन्हा...

टिक-टिक.

एक तास गेला. दीड तास गेला. मी बसूनच होतो.

शेवटी लहानू आला. संस्थेतला जुना शिपाई, निवृत्तीला आलेला.

"काहून बसले जी इथं?"

"मधुकरराव आत आहेत."

लहानू माझ्याकडे बघतच राहिला.

"मधुकरराव काल सकायी गेले ना जी. इकडंच येत होते, कन्हानच्या स्टँडवरच पडले. मी घाटावर मयतीले जाऊन आलो." त्याने खिशात हात घातला. "अन् या खोलीची चाबी तं परवापासून माह्यापाशीच आहे."

मी ट्रेकडे पाहिलं.

ट्रे रिकामा होता.

लहानूने दाराच्या आतल्या कुलुपात चावी फिरवली. आत अंधार. एसी बंद. मशीनचा प्लग बोर्डातून काढून ठेवलेला. चाकात अकरा नळ्या होत्या. सातवी जागा रिकामी.

ती नळी चुंबकात होती.

कागदावर नवी रेघ होती. सावकाश, पसरून काढलेली. शाई अजून ओली. तो लहानसा उंचवटा आता स्पष्ट दिसत होता. त्याच्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल.

कचरा नव्हता तो. मी त्याला ओळखलं. दीड वर्षापूर्वी याच पदार्थाने आमचे सगळे उंदीर दोन दिवसांत मेले होते.

मी कागद फाडून घेतला आणि फोनकडे धावलो.

सर दिल्लीला होते. ट्रंक कॉल लागेपर्यंत संध्याकाळ झाली. "मशीनने मॅच दिलंय ना? मग तुला भुताने झपाटलंय का?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. डॉक्टर लग्नाला बाहेरगावी. मी यादी घेतली, मित्राची मोटरसायकल घेतली आणि आधी कन्हान गाठलं.

गोपिकाबाई, मधुकररावांच्या पत्नी, दारातच बसल्या होत्या. मागे फळीवर बाटली दिसत होती.

"दिलं का औषध?" मी ओरडलोच. त्यांच्या घरात सुतक आहे याचंही भान मला नव्हतं.

"नाही जी. काल रात्री पोरीले दोनदा फिट आली. म्हटलं, सोमवारपर्यंत काहून थांबा? बाटली उचलली... अन् काचेवर कोणीतरी वाजवलं. नखानं. दोनदा. मी ठेवून देल्ली. आज सकायी उचलली तं पुन्हा तसंच. मले भेव लागलं."

कौसल्या कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिच्या मनगटावर घड्याळ होतं. पट्ट्याला निळा दोरा.

"कालपासून काढून नाही राहिली ती," गोपिकाबाई म्हणाल्या. "झोपतानाही नाही."

मी रात्रभर फिरलो. सात घरं केली. सातही बाटल्या न उघडलेल्या, परत मिळाल्या. आठवं घर पारशिवनीच्या पुढे, एका खेड्यात. रस्ता चुकलो, चाक पंक्चर झालं. पोहोचलो तेव्हा रविवारी सकाळचे दहा वाजले होते.

अंजनाबाईने पहाटेच पहिला डोस घेतला होता.

"मशीननं पास केलं म्हणे," तिचा नवरा रुपराव म्हणाला. "म्हून वाट नाही पाह्यली."

तिला मेयो हॉस्पिटलला आणलं. मंगळवारी ती गेली.

मी रुपरावांना एकच विचारलं. बाटली उचलताना काही आवाज आला होता का?

"नाही बा. कायचा आवाज?"

त्या घरी कोणी वाजवलं नाही. ते काम माझं होतं. आणि मी दीड तास बाकावर बसून होतो.

मी सगळं लेखी दिलं. प्रबंध गेला, संशोधन सुटलं. त्याचं मला दुःख नाही. पुढे शाळेत शिकवलं. आता निवृत्त आहे, मुलाकडे राहतो. चाळीस वर्षांत तो आवाज पुन्हा ऐकला नव्हता.

गेल्या मंगळवारपर्यंत.

नातीला खोकला झालाय. पाच वर्षांची आहे. डॉक्टरांनी दिलेली बाटली मी उचलली...

टिक-टिक.

कोणाला काही न सांगता ती बाटली एका ओळखीच्या लॅबमध्ये दिली. आता ती मशीनं शेकडो नळ्या आपोआप तपासतात, कोणी हात लावत नाही. काल बाटली परत आली, सोबत रिपोर्ट. त्यावर एकच शब्द आहे.

मॅच.

मी पुन्हा बाटली उचलली. पुन्हा तोच आवाज.

आत नात खोकतेय. रात्रीपासून तिला धाप लागतेय. सून दुसऱ्यांदा विचारून गेली, "बाबा, औषध दिलं का तिला?"

सांगा, मी काय करू?