पाईपमधून आलेले ठोके

"मी मावशीच्या मागोमाग जाते. तुम्ही दोघं मुकादमावर नजर ठेवा!" असं म्हणत चिमणी बोळात पसार झालीसुद्धा.

ताई, बंड्या आणि चिमणी ही तीन भावंडं सुट्टीत मामाकडे आली होती. मामा मासळीच्या कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर होता. आदल्या दिवशी त्यांना पॅकिंगवाली मावशी दिसली होती. ओठ निळे पडलेले, दात कडाकडा वाजत होते!

"थंड हवा खायला गेली होती!" मुकादम खो खो हसला होता.

मुकादम मध्येच थोडा वेळ दोघांच्या नजरेआड झाला होता. जेवायची वेळ झाली तरी चिमणी परतली नाही. मावशीही दिसेना.

"असेल इथेच कुठेतरी," मामा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

तेवढ्यात छतालगतच्या पाईपमधून आवाज आला. टक टक... टक टक टक. टक टक... टक टक टक.

"थंडीनं पाईप आकसतो," मुकादम म्हणाला.

"आणि मोजून ठोके देतो वाटतं?" ताई फणकारली. "मामा, ती चिमणी आहे! खोलीचा नंबर सांगतेय!"

पाईप सगळ्याच खोल्यांतून फिरला होता. आवाज नेमका कुठला, कळेना. मामानं कुरकुरत तेवीस नंबर उघडली. आत नुसती खोकी!

"झालं समाधान?"

"अरे, आमची तिघांची खेळातली मोजणी सहाची!" बंड्या ओरडला. "एका हाताची पाच बोटं संपली, की सहाला दुसऱ्या हाताचं एक बोट. दोन सहा बारा, वर तीन. पंधरा!"

"पण ठोके तर सलग चाललेत. आधी दोन की आधी तीन?" ताई पुटपुटली. "तीन सहा अठरा, वर दोन. वीस! आपल्या मोजणीत अंकांची बेरीज पाच आली की पाचानं भाग जातोच, अंक उलटे केले तरी. त्यावरून काही ठरत नाही. पण शेवटी तीन असेल तर विषम, उजवी रांग. दोन असेल तर सम, डावी!"

दोन्ही रांगा दोन टोकांना होत्या. ठोके मंदावत चालले होते. मग थांबलेच.

ताईनं मुकादमाकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "वीसच! वीस उघडा!"

"वीस तर वीस!" मुकादमानं लगेच किल्ली पुढे केली.

"एवढी खुशी? बंड्या, पंधरा!"

बंड्यानं जुडगा हिसकावला आणि धूम ठोकली.

दार उघडलं. आतून दार उघडायची कडी कोणीतरी काढून टाकली होती. मावशीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली चिमणी कोपऱ्यात पडली होती. पातळ कपड्यांतली मावशी भिंतीवरून खाली आलेल्या पाईपला टेकली होती. चिमणीचे हात गारठल्यावर ठोके तीच देत होती. तिची बोटं मेणासारखी पांढरी झाली होती.

"उशिरा येणाऱ्यांना शिस्त नको?" मुकादम गुरकावला. "आणि ही कार्टी चोंबडेपणा करायला आली!"

पोलीस त्याला घेऊन गेले. चिमणी दोन दिवसांत बरी झाली. मावशीची तीन बोटं मात्र कापावी लागली.

दवाखान्यात मामानं मुलांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मला तर कल्पनाच नव्हती."

"मी दोनदा सांगितलं होतं, साहेब," खाटेवरून मावशी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, वेळेवर येत जा."

मामाचा हात थांबला.

मावशीनं बँडेज बांधलेला हात उचलून चिमणीच्या डोक्यावर ठेवला. "मला झोप येत होती. ही पोर चिमटे काढून जागं ठेवत होती. गुणाची गं माझी बाय."

चिमणी हमसून हमसून रडू लागली.